अंतकाळाच्या खाटेपाशी प्रार्थना कशी करावी

नागपुरातल्या ख्रिस्ती घरात एखादे वयस्क माणूस अंथरुणाला खिळते आणि डॉक्टर "आता घरी न्या, सेवा करा" एवढेच सांगतात, तेव्हा घरच्यांची खरी पंचाईत औषधांपाशी होत नाही, प्रार्थनेपाशी होते. औषध किती वाजता द्यायचे हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. खाटेपाशी बसून काय बोलावे, कोणते वचन वाचावे आणि बरे होण्यासाठी अजूनही मागावे की आता मागू नये, हे कोणी लिहून देत नाही. सदर आणि जरीपटका या वस्त्यांच्या बाजूला मंडळीच्या भेटींसाठी गेली अनेक वर्षे जात असल्यामुळे माझ्या हातून जे चुकले आणि जे जमले, ते पुढे मांडले आहे. मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे. कॅथलिक घरांतली रीत जिथे वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

प्रथम घरच्यांनी आशा कशाची धरायची हे आपापसात बोलून घ्यावे. आजारातून उठण्याची आशा आणि पुनरुत्थानाची आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मावळली म्हणून दुसरी मावळत नाही. बहुतेक घरांत यांची गल्लत होते आणि तिचा भार आजाऱ्यावर पडतो. "विश्वास ठेवा, प्रभू उठवणारच" असे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या माणसाला आपली प्रकृती खालावते आहे हे दिसत असते. मग आपलाच विश्वास कमी पडला असे त्याला वाटू लागते आणि तो गप्प होतो. बेथानी गावाबाहेर येशूने मेलेल्या लाजराच्या बहिणीला, मार्थेला, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" असे सांगितले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो लाजराच्या कबरेच्या वाटेवर रडला. आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. म्हणून खाटेपाशी कोणाचे डोळे भरून आले तर "रडू नका, आपण ख्रिस्ती आहोत" असे कोणी म्हणू नये. पौलाने थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे लिहिलेले नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे लिहिले आहे.

बरे होण्यासाठी प्रार्थना थांबवावी का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. थांबवण्याची गरज नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला टळो असेच मागितले आणि मग पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हटले. ही दोन्ही वाक्ये एकाच प्रार्थनेत असावीत. सुरुवातीच्या दिवसांत पहिल्या वाक्यावर भर असेल, शेवटी दुसऱ्यावर येईल, आणि हा बदल आजारी माणूस घरच्यांच्या आधी करतो, असा माझा अनुभव आहे.

बोलता येत आहे तोवर विचारून ठेवा

आजाऱ्याची शुद्ध आणि वाचा शाबूत असेपर्यंत एक साधी शंभर पानी वही करावी. तिच्यात त्याची आवडती स्तोत्रे, आवडती गीते, ज्यांना भेटायचे आहे त्यांची नावे, पाळकांचा आणि मंडळीच्या सचिवांचा फोन, बाप्तिस्म्याचा दाखला कुठे ठेवला आहे ते, आणि घरातल्या आधीच्या माणसांची कबर कोणत्या कब्रस्तानात, कोणत्या ओळीत आहे ते लिहून ठेवावे. त्याच कबरीत माती द्यावी अशी अनेकांची इच्छा असते. ती कबर पुन्हा उघडता येईल का, हे कब्रस्तान समितीकडे आधीच विचारावे, कारण मयतीच्या दिवशी ही चौकशी करत फिरणे फार जड जाते.

विचारायचे कसे, यातच लोक अडतात. "तुमच्या मयतीला कोणते गीत म्हणायचे?" असे कोणी विचारू शकत नाही आणि विचारूही नये. "आई, लहानपणी तुला कोणते स्तोत्र पाठ करायला लावले होते?" एवढे विचारावे. वयस्क माणसे स्वतःच पुढे जातात. एका काकूंनी मला स्तोत्र सांगितले, गीत सांगितले, आणि मग शांतपणे त्या दिवशी कोणते पातळ नेसवायचे तेही सांगितले. दाराशी उभी असलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून आत निघून गेली. पण नंतर त्या सुनेनेच मला सांगितले, की त्या दिवसापासून घरातला ताण निम्मा झाला, कारण ज्याबद्दल सगळे गप्प होते ते आता बोलून झाले होते.

पाळकांना किंवा फादरना शेवटच्या श्वासाला बोलावण्याची रीत सोडून द्यावी. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे ते आजाऱ्यासाठी, मरणाऱ्यासाठी नव्हे. कॅथलिक मंडळीतही 1972 साली या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला गेला आणि गंभीर आजार किंवा वार्धक्यातल्या दुर्बलतेसाठी तो आहे हे त्यात स्पष्ट झाले. तरीही "फादर तेल लावायला आले म्हणजे आता संपलेच" ही समजूत जुन्या घरांतून गेलेली नाही. आजाऱ्याला पापकबुली करायची असेल, कोणाशी समेट करायचा असेल, तर त्यासाठीही शुद्ध लागते. प्रभुभोजन द्यायचे असल्यास गिळता येते का ते आधी परिचारिकेला किंवा सेवा करणाऱ्या माणसाला विचारावे. भाकरीचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्याबरोबर पुरतो. कॅथलिक आजाऱ्याला होस्ती, म्हणजे प्रभुभोजनाची पवित्र भाकरी, गिळता येत नसेल तर द्राक्षारसाचा थेंब देता येतो, पण फादरना हे फोनवरच सांगावे, म्हणजे ते त्या तयारीने येतील.

रोजची दहा मिनिटे

दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे, इतकी प्रार्थना पुरे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीला बसावे. मे महिन्यातल्या दुपारी, पारा 45 अंशांवर असताना, कूलर पूर्ण वेगाने चालवावाच लागतो आणि त्याच्या घरघरीत एकही शब्द ऐकू येत नाही. प्रार्थनेपुरता कूलर एकवर ठेवावा, खुर्ची उशाशी घ्यावी आणि कानाजवळ, पण नेहमीच्या आवाजात बोलावे. आजारी माणसाशी ओरडून बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याला ऐकू येत नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी ती सोडावी. सुरुवातीला आपण कोण आहोत ते सांगावे, हात हातात घ्यावा, एक उतारा वाचावा, एक गीत म्हणावे, प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि उठावे.

उतारा छोटा असावा. हे मी चूक करून शिकलो. पहिल्या काही भेटींपैकी एकीत मी एका थकलेल्या आजीबाईंसमोर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आरंभापासून शेवटपर्यंत वाचला. वाचन चांगले झाले असे मला वाटत होते. अडतीसाव्या वचनापर्यंत, म्हणजे ज्यासाठी मी तो अध्याय निवडला होता तिथपर्यंत, पोहोचेतो त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते. पुढच्या वेळी मी फक्त तेविसावे स्तोत्र उघडले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." त्यांचे ओठ हलू लागले. कोरड्या ओठांवर त्यांची लेक ओला कापूस फिरवत होती, तिने हात मागे घेतला. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी" इथे आल्यावर माझाच आवाज अडकला, मी थांबलो, आणि डोळे न उघडता आजी म्हणाल्या, "वाच नं बाबू, मी ऐकून राहिली." त्या स्तोत्रात या वचनापर्यंत परमेश्वराविषयी बोलले जाते, "तो मला नेतो" असे, दरीत शिरताच मात्र थेट त्याच्याशीच बोलणे सुरू होते, "कारण तू मजबरोबर आहेस." इतकी वर्षे पाठ असूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

यातून दोन नियम मी पाळत आलो आहे. एक म्हणजे, रोज नवा उतारा शोधू नये. तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचावा. तेविसावे आणि एकशे एकविसावे स्तोत्र, योहानाच्या चौदाव्या अध्यायातली पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांविषयीची पहिली तीन वचने, आणि रोमकरांस पत्रातली आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचने, इतके महिनाभर पुरते. दुसरा म्हणजे, आजाऱ्याने ज्या भाषांतरात पाठांतर केले त्याच भाषांतरातून वाचावे. सोप्या मराठीतले नवे शास्त्र अभ्यासाला उत्तम आहे, पण ज्याच्या जिभेवर साठ वर्षे "मजबरोबर" बसले आहे त्याला "माझ्याबरोबर" ऐकताना ठेच लागते. प्रभूच्या प्रार्थनेचेही तसेच आहे. घरातली तरुण मंडळी "स्वर्गातील पित्या" म्हणू लागली आणि आजोबांनी "आकाशातील बापा" म्हणून सुरुवात केली, तर सगळ्यांनी आजोबांच्या मागे जावे.

गीतांसाठी पेटी-तबला नको. अभंग आणि ओवीच्या चालीवरची आपली जुनी गीते संथ म्हणता येतात आणि श्वास अडखळणाऱ्या माणसालाही त्यांच्या लयीबरोबर राहता येते; इंग्रजीवरून आलेल्या चालींत वरच्या पट्टीत जावे लागते, तिथे घरातलेच लोक थकतात. दोन कडवी पुरेत. भेटायला आलेल्या पंधरा माणसांनी पंधरा प्रार्थना करू नयेत, हे सांगण्याचे काम घरातल्या एका खमक्या माणसाकडे द्यावे. हा सल्ला पाहुण्यांना आवडत नाही, तरी तो पाळावा.

भीती आणि राग

काही आजारी माणसे शांत नसतात. जन्मभर मंडळीत सेवा केलेला माणूस देवावर चिडलेला असू शकतो, आणि कधी प्रार्थनेला न आलेला माणूस निवांत असू शकतो. चिडलेल्याला उपदेश करू नये. तेराव्या स्तोत्रात "किती काळ?" असा प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, त्याला उजेडाचा शेवट जोडलेला नाही. शास्त्राने ही स्तोत्रे ठेवली आहेत ती अशाच खोलीत वाचण्यासाठी, असे मी मानतो. ती वाचून झाल्यावर लगेच दिलासा देण्याची घाई करू नये, थोडे बसून राहावे.

भीती बहुधा अगदी साधी असते: खूप दुखेल का, एकटे असताना होईल का, मागे राहिलेल्या बायकोचे काय. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांकडून आणावे. वेदना कमी करणारे औषध घेणे हा विश्वासाचा उणेपणा नाही. दुसऱ्याचे उत्तर म्हणून रात्रीच्या पाळ्या लावाव्यात आणि कोणत्या रात्री कोण बसणार हे आजाऱ्याला नावानिशी सांगावे. तिसऱ्याचे उत्तर मुलांनी द्यावे, पाळकांनी नव्हे. कोणाची क्षमा मागायची राहिली असेल आणि तो माणूस नागपुरात नसेल तर फोन कानाला लावून द्यावा आणि आपण खोलीबाहेर जावे.

शेवटचे तास

हातपाय गार पडू लागतात, श्वासात अंतर पडते, घशात घरघर होते. घरच्यांना ही घरघर फार भयंकर वाटते. घशात साचलेला स्राव खोकून किंवा गिळून टाकण्याची ताकद उरत नाही म्हणून ती होते, आणि त्या अवस्थेतल्या माणसाला बहुधा तिचा तितका त्रास जाणवत नाही असे डॉक्टर सांगतात. एका कुशीवर वळवून ठेवले तर ती कमी होते. या वेळी तोंडात बळेच पाणी घालू नये, ओठ ओले करावेत. ऐकू येणे शेवटपर्यंत टिकू शकते असे धरून चालावे. म्हणून खाटेपाशी वाटण्या, दवाखान्याची बिले आणि मयतीचा खर्च यांची चर्चा अजिबात करू नये.

कॅथलिक घरांत उशाशी मेणबत्ती लावण्याची रीत आहे. ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, काडी, काहीही पेटवू नये. क्रूस हातात द्यावा किंवा दिसेल असा ठेवावा. मेणबत्ती बाहेरच्या खोलीत चालेल.

आता वाचन नको, लहान वाक्ये पुरे, एकेक करून आणि मध्ये पुष्कळ थांबून. "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे वाक्य एकतिसाव्या स्तोत्रातून येते आणि येशूने ते क्रूसावर म्हटले. आजाऱ्याच्या वतीने ते म्हणता येते. मंदिरात बाळ येशूला हातांत घेणाऱ्या शिमोनाचे "आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस" हेही. यानंतर घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाने, मुलीने किंवा नवऱ्याने, "तुम्ही जा, आम्ही एकमेकांना सांभाळू" असे म्हणावे. हे वाक्य म्हणणे कठीण असते आणि त्याला पर्याय मला सापडलेला नाही. शब्द फुटत नसतील तर हात धरून बसावे.

दवाखान्यात, मेडिकल असो, मेयो असो की खासगी, अतिदक्षता विभागात एका वेळी एकच माणूस थोडा वेळ आत सोडतात. त्या पाच मिनिटांत मॉनिटरकडे पाहू नये. नाव घेऊन हाक मारावी, एक वचन, प्रभूची प्रार्थना, कपाळावर हात. पाळकांना आत जाता यावे म्हणून आधी परिचारिकांना विनंती करून ठेवावी. बहुतेक वेळा त्या वाट काढून देतात.

श्वास थांबल्यावर

लगेच फोन करू नयेत. पंधरा मिनिटे बसावे, डोळे मिटवावेत, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. मग कामे आहेतच. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. महानगरपालिकेकडे नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, तिची पावती आणि मंडळीतली दफनाची नोंद दोन्ही जपून ठेवावी. उन्हाळ्यात बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत थांबायचे असेल तर शीतपेटी मागवावी लागते. दफनविधी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर ठेवावा. भर दुपारी कब्रस्तानात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना चक्कर आलेली मी पाहिली आहे.

दहनाचा प्रश्न अलीकडे अधिक निघतो. कॅथलिक मंडळीने 1963 पासून दहनाला मुभा दिली आहे, मात्र 2016 च्या सूचनेनुसार अस्थी विखरू नयेत, पवित्र ठिकाणी ठेवाव्यात. प्रोटेस्टंट घरांनी आपल्या पाळकांशी बोलावे. पुनरुत्थानाला यामुळे बाधा येते असे मी मानत नाही.

नागपुरात आपल्या घरांचे आप्त बौद्ध असतात, हिंदू असतात, आणि ते सगळे येतात. त्यांना विधीचा क्रम दाराशीच सांगावा: आधी घरी प्रार्थना, मग चर्च, मग कब्रस्तान, तिथे प्रत्येकाने मूठभर माती द्यायची. फुले वाहायची असतील, हात जोडायचे असतील, पाया पडायचे असेल, तर अडवू नये. मयताच्या सख्ख्या भावाला "आमच्यात हे चालत नाही" असे सुनावणारा मंडळीतला माणूस मी पाहिला आहे, आणि तो भाऊ त्यानंतर त्या घरी आला नाही.

ज्यांच्या नशिबी ही खाटच येत नाही त्यांचे काय? वर्धा रोडवरचा अपघात, झोपेतला हृदयविकार. पुढे कितीतरी वर्षे घरचे "शेवटी प्रार्थनाही करता आली नाही" म्हणून झुरतात. अशा घरी मी स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगतो, ज्यांच्या नावाचे कॉलेज प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, 4 सप्टेंबर 1863 रोजी, पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. जवळजवळ दोन दशके या शहरात वचन सांगणाऱ्या त्या माणसाच्या उशाशी वचन वाचायला कोणी नव्हते, आणि म्हणून ते देवाच्या हातून निसटले असे नागपूरच्या मंडळीने कधी मानले नाही. अशा घरी सोपवून देण्याची प्रार्थना नंतर, कबरेपाशी किंवा त्यांच्या रिकाम्या खोलीत, तितक्याच सावकाश म्हणता येते.

मंडळीच्या भेटी पहिल्या आठवड्यात भरपूर होतात आणि चाळिसाव्या दिवसानंतर एकदम थांबतात. भेटीला जाणाऱ्यांनी आपल्या डायरीत तिसरा महिना, वाढदिवस आणि पहिला नाताळ लिहून ठेवावा. कॅथलिक कुटुंबे 2 नोव्हेंबरला कबरीवर जातात. आमच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे जातात. पहिल्या वर्षी त्या घरच्यांना एकटे पाठवू नये, सोबत जावे. आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन कबरीवरचे गवत काढून ठेवावे, कारण पहाटेच्या अंधारात विळा चालवणे बरे नाही. सोबत पाण्याची कळशी, झेंडूची फुले आणि काच असलेला कंदील घ्यावा, उघडी मेणबत्ती वाऱ्याने टिकत नाही. निघताना ती शंभर पानी वहीही पिशवीत टाकावी. त्यांचे गीत कोणते होते ते तिच्यात लिहिलेले आहे.